एका विहिरीचे २८ ठिपके

सहा मीटर व्यासाची एक विहीर घ्या. शेतात असते तशी, काठाशी मोटर, बाजूला आंबा. तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ भरतं साधारण २८ चौरस मीटर. आता सांगा, आकाशातून काढलेल्या फोटोत ही विहीर किती ठिपक्यांची दिसेल? एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा धरला, तर २८ ठिपक्यांची. ठिपका २५ सेंटिमीटरचा केला की ४५० ठिपके. १० सेंटिमीटरचा केला की थेट २,८००! आणि उलट्या दिशेनं जाऊन ठिपका १५ मीटरचा केला तर? तर अशा आठ विहिरी एकाच ठिपक्यात गडप!

घरच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्यांचं सगळं सुख या गणितावर उभं आहे. सिम्युलेटरमध्ये खाली जी जमीन दिसते, ती पूर्वी कल्पनेनं रंगवलेली असायची. मग खऱ्या जमिनीचे खरे फोटो तिथे अंथरायला सुरुवात झाली. फोटो-सीनरी म्हणतात ती हीच. विकतही मिळते, फुकटही मिळते. पण एका देशावरून उडताना खाली अंगणातली गाडी ओळखू येते आणि दुसऱ्या देशावरून उडताना अख्खं गाव तपकिरी डाग होऊन जातं. हा फरक नुसता डोळ्यांनी बघायचा नाही, मोजायचा आहे. चला, मोजू या!

सुरुवात साधी होती. १९८२ च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये अमेरिकेतले फक्त चार प्रदेश होते आणि सगळे मिळून वीसेक विमानतळ. २००३ साली आलेल्या 'फ्लाइट सिम्युलेटर २००४' मध्ये फोटो अंथरता येत होता, पण त्यातला एक ठिपका ४.८ मीटरच्या खाली जात नसे. म्हणजे २३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २५० चौरस फूट. मुंबईतलं एक छोटं वन-रूम-किचन आणि त्याला सबंध मिळून एकच रंग! तीन वर्षांनी, २००६ मध्ये, 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' आला आणि ही मर्यादा ७ सेंटिमीटरवर उतरली. त्याच वन-रूम-किचनला आता ४,७०० ठिपके. तीन वर्षांत एकाचे चार हजार सातशे!

ताट एवढं मोठं झालं, पण त्यात वाढायचं काय? इतके बारीक फोटो होते कुणाकडे? इथून देशादेशांतला फरक सुरू होतो आणि आकडे भन्नाट होऊ लागतात.

अमेरिकेकडे फोटो होते, आणि ते चक्क शेतीखात्याकडे होते. पिकांची पाहणी करायला तिथे २००३ पासून विमानं देशभर फिरतात. ठिपका आधी एक मीटरचा होता, पुढे ६० सेंटिमीटरचा झाला. सलग ४८ राज्यांचं क्षेत्र सुमारे ८० लाख चौरस किलोमीटर. एक मीटरच्या हिशेबानं ८ लाख कोटी ठिपके, ६० सेंटिमीटरनं २२ लाख कोटी. सरकारी पैशातून काढलेले हे फोटो कुणीही वापरावेत, अशी तिथली रीत. सीनरी बनवणाऱ्यांनी राज्यामागून राज्य उचललं आणि डिस्कवर भरलं. ही विमानं उडतात पिकं डोलत असताना, म्हणून सिम्युलेटरमधली अमेरिका बारा महिने हिरवीगार. डिसेंबरात उडा नाहीतर एप्रिलात, खाली मका उभाच!

ब्रिटनची तऱ्हा निराळी. तिथे शतक बदलताना गेटमॅपिंग नावाच्या खासगी कंपनीनं देशाचे रंगीत हवाई फोटो काढले आणि 'मिलेनियम मॅप' तयार केला. फोटो मालकीचे, म्हणून सीनरी विकतची. पुढे ऑस्ट्रेलियातल्या ऑर्बक्स या कंपनीनं फोटोवर घरं आणि झाडं उभी करून आधी नेदरलँड्स केला, मग ब्रिटन तीन तुकड्यांत केला: दक्षिण, मध्य, उत्तर.

आणि स्वित्झर्लंड! इथे मात्र श्वास रोखून धरा. हा देश आहे ४१,२८५ चौरस किलोमीटरचा. महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा. आपल्या राज्यात सात स्वित्झर्लंड बसतात आणि वर थोडी जागा उरते. पण त्यांच्या सरकारी हवाई फोटोत सखल भागातला ठिपका १० सेंटिमीटरचा आणि उंच आल्प्सवर २५ सेंटिमीटरचा. आपण कंजूषपणा करू आणि सगळा देश २५ सेंटिमीटरचाच धरू. तरी ६६,००० कोटी ठिपके होतात. सबंध महाराष्ट्र एक मीटरनं मोजला तर होतात ३०,७७१ कोटी. सातपटीनं लहान देश, आणि ठिपके दुपटीहून जास्त! हा सगळा खजिना मार्च २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं सगळ्यांना फुकट खुला केला. फ्रान्सनं त्याच वर्षी जानेवारीत तेच केलं: ठिपका २० सेंटिमीटरचा, देश साडेपाच लाख चौरस किलोमीटरचा, ठिपके पावणेचौदा लाख कोटी!

या बारकाईचा अर्थ आपल्या लोकलवर लावून बघा. बारा डब्यांची लोकल सुमारे २६० मीटर लांब आणि ३.६६ मीटर रुंद. १५ मीटरच्या ठिपक्यात तिची रुंदी पाव ठिपक्याची, म्हणजे गाडी दिसतच नाही. एक मीटरवर ती साडेनऊशे ठिपक्यांची बारीक रेघ. १० सेंटिमीटरवर ९५ हजार ठिपके! डबे मोजावेत, टपावरचा पेंटोग्राफ शोधावा.

आता एक गंमत नकाशानं फुकट दिलेली. इंटरनेटवरचे नकाशे पृथ्वीला सपाट चौकोनात ताणून बसवतात, त्यामुळे विषुववृत्तापासून जितकं लांब जावं, तितका तोच ठिपका जमिनीचा कमी तुकडा व्यापतो. झूमच्या सतराव्या पायरीवर विषुववृत्तावर ठिपका १.१९ मीटरचा, मुंबईवर १.१३ चा, आणि ऑस्लोवर अवघा ६० सेंटिमीटरचा. नॉर्वेवाल्यांना काही न करता दुप्पट बारकाई!

आणि ही झूमची पायरी म्हणजे काय प्रकरण आहे, ते बघाच. शून्याव्या पायरीवर सगळं जग, समुद्रासकट, एका चौकटीत मावतं. पुढच्या प्रत्येक पायरीवर एका चौकटीच्या चार होतात. एवढंच. प्रत्येक चौकट अडीच सेंटिमीटरच्या तिकिटावर छापू आणि तिकिटं मुंबईच्या सीएसएमटीपासून रुळाच्या कडेनं एकापुढे एक लावत जाऊ. पाचव्या पायरीची रांग २६ मीटर, एका डब्याहून थोडी मोठी. सातव्या पायरीची ४१० मीटर, लोकल मागे पडली. दहाव्या पायरीची २६ किलोमीटर, ठाण्याच्या अलीकडे. अकराव्या पायरीवर कर्जत ओलांडून घाटाशी. बाराव्या पायरीवर ४१९ किलोमीटर: पुणं केव्हाच गेलं, सोलापूर जवळ आलं! तेराव्या पायरीची रांग दिल्लीच्याही पलीकडे. चौदाव्या पायरीला ६,७०० किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी जाऊन परत काश्मीर. सोळाव्या पायरीला १,०७,००० किलोमीटर, आणि भारतीय रेल्वेचे सगळे मार्ग टोकाला टोक जोडले तरी भरतात सुमारे ६९,०००. रूळ संपले, तिकिटं उरली! आणि सतरावी पायरी? ४ लाख २९ हजार किलोमीटर. चंद्र आहे ३ लाख ८४ हजारांवर.

चंद्र ओलांडला, आणि ठिपका अजून एक मीटरच्या आसपासच आहे!

'एक्स-प्लेन' हा दुसरा मोठा सिम्युलेटर उडवणारे लोक 'ऑर्थोफोरएक्सपी' नावाच्या मोफत प्रोग्रामनं हीच चौकटींची रास स्वतः उतरवून घेतात, एका वेळी एक अंश बाय एक अंश. आपल्याकडे असा तुकडा १११ किलोमीटर उंच आणि १०५ रुंद पडतो आणि सतराव्या पायरीवर त्यात ९०० कोटींवर ठिपके असतात. हे लोक रात्रभर संगणक चालू ठेवून असे तुकडे साठवतात, त्या चिकाटीला माझा सलाम.

ठिपक्याला फक्त रंग असून भागत नाही, उंचीही लागते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं ११ दिवसांत जगातली सुमारे ८० टक्के जमीन रडारनं मोजली. अमेरिकेच्या उंचीचे आकडे ३० मीटरच्या चौकोनांनी खुले झाले. उरलेल्या जगाला बरीच वर्षं ९० मीटरचे चौकोन मिळाले, बारीक आकडे २०१४ पासून पुढे सुटू लागले. नव्वद बाय नव्वद मीटर म्हणजे दोन एकर. दोन एकरांना एकच उंची! अमेरिकेला नऊ गुंठ्यांना एक. आणि स्वित्झर्लंडच्या सरकारी मोजणीत अर्ध्या मीटरला एक: आपल्या दोन एकरांत एक आकडा, त्यांच्या दोन एकरांत ३२,४००! हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा त्या जुन्या दोन एकरांच्या हिशेबात उतरतो तेव्हा त्याचा कडा राहत नाही, उतार होतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०२० च्या ऑगस्टमध्ये नवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला आणि त्यानं सगळी पृथ्वीच एका पिशवीत भरली. ३७,००० विमानतळ. रोज एकावर उतरलात, तर संपायला १०१ वर्षं. झाडं २ लाख कोटी. सेकंदाला एक मोजलं तर ६३,००० वर्षं. इमारती १५० कोटी, जवळजवळ प्रत्येक भारतीयाला एक. पाठीमागचे फोटो आणि नकाशे २ पेटाबाइटच्या वर, म्हणजे २० लाख जीबी. रोज २ जीबीचा रिचार्ज मारून हे सगळं उतरवायचं म्हटलं तर २,७०० हून जास्त वर्षं लागतील. काम आज संपवायचं असतं, तर गौतम बुद्धांच्या जन्माआधीच सुरू करावं लागलं असतं!

चारशेहून अधिक शहरं त्यात फोटोग्रामेट्रीनं, म्हणजे चहूबाजूंच्या फोटोंतून, खरीखुरी उभी केली. बाकीचं जग संगणकानं वरून फोटो बघून अंदाजानं बांधलं. कोण कुठल्या यादीत, यावर अनुभव ठरतो. अंदाजाला चुकीची माहिती मिळाली की काय होतं, याचं उदाहरण मेलबर्नमध्ये मिळालं. खुल्या नकाशात कुणीतरी एका साध्या दोन मजली घराचे मजले २ ऐवजी २१२ टाकले होते. संगणकानं इमानेइतबारे २१२ मजली सुळका उभा केला आणि जगभरचे वैमानिक तो बघायला मेलबर्नकडे वळले!

नंतर देशवार सुधारणा येत गेल्या. सगळ्यात आधी जपान, मग अमेरिका, मग ब्रिटन आणि आयर्लंड, मग फ्रान्स आणि शेजारी. ज्यांचे फोटो बारीक, त्यांची रांगही पुढे.

आणि आपला महाराष्ट्र? भारत सरकारच्या २००१ च्या धोरणात उपग्रहाचे ५.८ मीटरपर्यंतचेच फोटो मोकळेपणी मिळत. तो एक ठिपका जवळजवळ ३४ चौरस मीटरचा, आपल्या विहिरीहून मोठा. २०११ मध्ये ही मर्यादा १ मीटरवर आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवे नियम आले आणि भारतीय संस्थांना नकाशे करायला पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. केंद्राच्या स्वामित्व योजनेत तर देशभरातल्या ३ लाखांहून जास्त गावांवर ड्रोन फिरले आणि गावठाणांचे ५ सेंटिमीटरचे फोटो निघाले. एका स्विस ठिपक्याच्या जागी चार! म्हणजे विमान आपल्याकडे आहे, कॅमेरा आहे, माणसंही आहेत. तरी सिम्युलेटरमधला सह्याद्री अजून परक्या उपग्रहांच्या मेहेरबानीवर दिसतो, आणि पावसाळ्यात ढगांतून उपग्रहाला काही दिसत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा उन्हाळी, करपलेला दिसतो. ज्यानं आपला घाट श्रावणात पाहिला आहे, त्याला ते बघवत नाही.

शेवटी सगळ्यात मोठा हिशेब मांडू. पृथ्वीवरची जमीन १४.९ कोटी चौरस किलोमीटर. एका चौरस मीटरला एक रुपया मोजला तर १४९ लाख कोटी रुपये. भारत सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा, म्हणजे असे जवळजवळ तीन अर्थसंकल्प. आता सगळं जग स्वित्झर्लंडच्या सखल भागाइतकं बारीक करा, १० सेंटिमीटरला एक रुपया. शंभरपट! १४,९०० लाख कोटी रुपये. तेवढा अर्थसंकल्प दरवर्षी सबंध बाजूला ठेवला तरी २९४ वर्षं लागतील. म्हणजे थोरले बाजीराव पुण्यात शनिवारवाडा बांधून घेत होते, तेव्हापासून!

यात महाराष्ट्राचा वाटा अगदी आवाक्यातला आहे. राज्य सरकारनं पाऊस उघडल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, एकाच हंगामात सगळ्या राज्याचा एक मीटरचा रंगीत हवाई फोटो काढून घ्यावा आणि तो सगळ्यांना खुला करावा. सिम्युलेटरवाल्यांच्या आधी तो शेतकऱ्याला, तलाठ्याला, गिर्यारोहकाला आणि भूगोलाच्या शिक्षकाला लागणार आहे. एका ठिपक्याला तीन बाइट धरले तर ३०,७७१ कोटी ठिपके ९२३ जीबीत मावतात. अख्खा महाराष्ट्र, चांदा ते बांदा, एका हार्ड डिस्कवर.