वर्धा–गोदावरी जलमार्ग

वऱ्हाड-नागपूर प्रदेशातील कापूस नदीवाटे बंगालच्या उपसागरापर्यंत नेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आखलेला व १८७१ मध्ये सोडून दिलेला जलमार्ग. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी वर्धा, तिला जुगाद (ता. वणी) व पैलतीरावरील वढा (जि. चंद्रपूर) यांजवळ मिळणारी पैनगंगा, वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून पुढे प्राणहिता (लांबी ११३ किमी.), सिरोंचापासून गोदावरी आणि अखेरीस त्रिभुज प्रदेशातील कालवे, अशी ही वाट होती.

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. त्या वेळी येथील कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर मुंबईकडे किंवा उत्तरेस थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. एका बैलावर दोन-अडीच मणांहून अधिक भार घालता येत नसे. वाटेत चारापाणी न मिळाल्यास तांडा थांबे आणि पाऊस लागला की कापूस भिजून त्याची किंमत उतरे. गोदावरीवरील धवळेश्वरम येथील बंधारा (१८४७–५२) बांधणारे अभियंता सर आर्थर कॉटन यांना यावर नदी हा उपाय दिसला. त्यांच्या बंधाऱ्यापासून निघालेले कालवे सिंचनाबरोबर नौकानयनासाठीही योजलेले होते. नदीचा वरचा भाग मोकळा केल्यास वर्धेच्या तीरावर भरलेली नाव बंदरावरच रिकामी होईल, असा त्यांचा विचार होता. लोहमार्गापेक्षा जलमार्ग स्वस्त हे मत त्यांनी आयुष्यभर हिरिरीने मांडले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा या मताला एकाएकी वजन आले. वरच्या गोदावरीवरील कामांची धुरा एफ्. टी. हेग या अभियंत्याकडे होती.

अडचण नदीच्या तळाची होती. प्रवाहात तीन ठिकाणी कठीण खडकांचे मोठे अडसर आहेत. योजनेत त्यांची गणना समुद्राकडून वर केलेली असल्यामुळे वर्धेवरून निघणाऱ्या नावाड्यास प्रथम ‘तिसरा’ अडसर लागतो. तो प्राणहितेवर देवलमरी (ता. अहेरी, जि. गडचिरोली) येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्ली येथे आणि पहिला भद्राचलमच्या वर दुम्मुगुडेम येथे आहे. अशा जागी पात्रात बंधारा घालून पाणी तुंबवावयाचे, काठाने बगल कालवा काढावयाचा व त्यावर जलपाश बांधावयाचे, अशी योजना होती. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांस दरवाजे असलेला चिरेबंदी हौद. खाली जाणारी नाव भरलेल्या हौदात घेऊन वरचा दरवाजा मिटतात. मग झडपांवाटे पाणी सोडले की हौदातील पातळी खालच्या कालव्याइतकी होते, आणि खालचा दरवाजा उघडून नाव बाहेर पडते. याला कोणतेही यंत्र लागत नाही. मात्र पाणी लागते, आणि ते वर्षभर लागते.

हे वर्षभराचे पाणीच या नद्यांपाशी नाही. जुलै ते सप्टेंबर या काळात त्या दुथडी वाहतात. मार्चनंतर वर्धा व पैनगंगा डोहांच्या ओळीसारख्या होतात आणि लोक उतारावरून पायी ओलांडतात. धवळेश्वरमजवळ १६ ऑगस्ट १९८६ रोजी गोदावरीचा विसर्ग दर सेकंदास सु. ३५ लाख घनफुटांवर गेला होता. उन्हाळ्यात तेथेच तो काही हजारांवर येतो. ज्या महिन्यांत पाणी पुरेसे असते त्यांत ओढ इतकी की भरली नाव वर आणणे अशक्यप्राय. आणि ओढ सरली की खडक उघडे पडतात. नावेने निघण्याचा सोयीचा काळ म्हणून पावसाळ्यानंतरचे मोजके महिनेच उरतात. कापसाची वेचणी मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे कित्येक आठवडे चालते. म्हणजे माल गोळा होईपर्यंत पाणी ओसरू लागलेले असे. आराखड्यातील हा दोष जलपाशांनी भरून निघणारा नव्हता. सिरोंचाच्या जंगलातील सागाचे ओंडके मात्र तराफे करून राजमहेंद्रीपर्यंत जात. त्यांना परत यावयाचे नसे, हे त्यामागील साधे कारण होय.

दुम्मुगुडेम येथे बंधारा व जलपाशयुक्त कालवा झाला. वरच्या दोन अडसरांचे काम पूर्णत्वास गेले नाही. निर्जन अरण्य आणि तेथील ताप यांमुळे मजूर टिकविणे कठीण होते. दरम्यान मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला आणि योजनेचे कारणच उरले नाही. ऑक्टोबर १८७१ मध्ये ती बंद करण्यात आली. यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी (ऊन) जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्याचा कापूस पश्चिमेसच जात राहिला. कॉटन यांचा हिशेब त्रिभुज प्रदेशात खरा ठरला. तेथील कालवे कृष्णेच्या व बकिंगहॅम कालव्याशी जोडले जाऊन काकीनाड्याहून मद्रासपर्यंत व त्याच्याही दक्षिणेस नावा जात असत.

राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ अन्वये पैनगंगा–वर्धा (सु. २६५ किमी.) आणि वैनगंगा–प्राणहिता यांना राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित करण्यात आले. तथापि पैनगंगेवरील इसापूर व वर्धेवरील ऊर्ध्व वर्धा या धरणांनी आता बरेच पाणी वरच अडते, आणि पैनगंगेवर सहस्रकुंड (ता. उमरखेड) येथील धबधबा असल्याने त्याच्या वरून सलग नौकानयनाचा प्रश्न उद्भवत नाही. या खोऱ्यात प्रवासी नावा प्रामुख्याने पापीकोंडलू घळईत चालतात. तेथे कच्चुलूरुजवळ १५ सप्टेंबर २०१९ रोजी पुरात नाव बुडून चाळिसांहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. वर्धेच्या डोहांत आज भोई व ढिवर यांचे डोंगे मासेमारीपुरते फिरतात. दुम्मुगुडेमचा बंधारा अजून उभा आहे.