नातवाचा खेळ आणि आजोबांची गोफण

माळशिरसच्या परिसरात ज्वारीच्या रानात ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘राखण’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कणसात दाणा भरू लागला की उजाडायच्या आत माळ्यावर चढायचे आणि गोफण हाती घ्यायची. एका बांधावरचा थवा उठवावा, तोवर दुसऱ्या बांधावर पाखरे उतरलेली असत. पाय माळ्यावर तोल सांभाळत, नजर चहूकडे फिरे आणि गोफणीचा रोख तिसऱ्याच दिशेला असे. शरीर एका कामात आणि लक्ष दुसऱ्या कामात ठेवण्याची ती उत्तम तालीम होती. तेव्हा तिला कोणी व्यायाम म्हटले नाही, एवढेच.

आज त्याच घरात नातू हातात कंट्रोलर घेऊन टीव्हीसमोर बसतो. पडद्यावर क्षणाक्षणाला स्फोट होतात, रंगीत ठिपके धावतात आणि आपल्याला त्यातले काहीच उमगत नाही. ‘डोळे बिघडतील’ एवढे बोलून आपण उठून जातो. मात्र एकदा शेजारी बसून पाहा. पडद्याच्या मधोमध एक लहानसे यान असते आणि चारही बाजूंनी शत्रू त्यावर चालून येतात. डाव्या अंगठ्याखालची दांडी यानाला हलवते. उजव्या अंगठ्याखालची दांडी मारा कोणत्या दिशेला करायचा ते ठरवते. पळायचे डावीकडे आणि नेम धरायचा उजवीकडे! राखणीचा अनुभव असलेल्याला हा खेळ अगदीच परका वाटू नये.

या खेळाच्या जन्माची हकीकत आरोग्याच्या पाक्षिकात सांगण्याजोगी आहे. १९८२ साली अमेरिकेतील विल्यम्स या कंपनीने ‘रोबोट्रॉन: २०८४’ हा खेळ बाजारात आणला. तो युजीन जार्विस आणि लॅरी डीमार यांनी रचला होता. त्याआधी मोटार अपघातात जार्विस यांच्या उजव्या हाताला इजा झाली होती. हात प्लास्टरमध्ये असताना एका हाताने दांडी हलवायची आणि दुसऱ्याने बटण दाबायचे, ही नेहमीची पद्धत त्यांना जमेना. त्या अडचणीतूनच बटण वगळून दोन दांड्यांवर खेळण्याची कल्पना त्यांना सुचली. बंड केलेल्या यंत्रमानवांपासून पृथ्वीवरचे शेवटचे कुटुंब, म्हणजे आई, वडील आणि मुलगा, यांना वाचवायचे, असे त्या खेळाचे कथानक आहे. दुखावलेल्या हाताने शोधलेली ही रचना पुढे जगभरच्या असंख्य खेळांनी उचलली.

आता आपल्या वयाचा प्रश्न. वय वाढते तसे बुद्धीचे सारेच व्यापार सारखे मंदावत नाहीत. शब्दभांडार आणि अनुभवाचे शहाणपण बराच काळ टिकून राहते. कमी होतो तो वेग आणि एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता. ही उणीव केवळ विसराळूपणापुरती मर्यादित नसते. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी वृद्धनिवासातील ज्येष्ठांचे एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले: चालताना कोणी बोलू लागले की ज्यांना थांबावे लागे, त्यांच्यात पुढील सहा महिन्यांत पडण्याचे प्रमाण अधिक आढळले. चालण्यालाही लक्ष लागते आणि ते दोन ठिकाणी वाटले की तोल ढळू शकतो. घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. जिना उतरणाऱ्या आजींना मागून हाक मारू नये.

लक्ष विभागण्याची ही क्षमता सरावाने सुधारते का? २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठातील अॅडम गझाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ६० ते ८५ वर्षे वयाच्या व्यक्तींना खास तयार केलेला एक व्हिडिओ खेळ महिनाभरात एकूण १२ तास खेळायला दिला होता. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी सांभाळायची आणि त्याच वेळी ठरावीक खूण दिसताच बटण दाबायचे, असे त्याचे स्वरूप होते. सरावानंतर त्या खेळात हे ज्येष्ठ सराव न केलेल्या विशीतल्या तरुणांच्याही पुढे गेले आणि सहा महिन्यांनंतरही तो लाभ टिकून होता. लक्ष टिकवण्याच्या व स्मरणाच्या काही वेगळ्या चाचण्यांतही सुधारणा दिसली.

तथापि, येथे भान हवे. तो खेळ प्रयोगासाठी घडवलेला होता. नातवाच्या कंट्रोलरवरचा खेळ तेच फळ देईल, असे गृहीत धरता येत नाही. असा खेळ स्मृतिभ्रंश टाळतो, असा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका. रोजचे चालणे, शांत झोप, रक्तदाब व मधुमेहावरील नियंत्रण आणि माणसांची सोबत यांची जागा कोणताही पडदा घेऊ शकत नाही. विसरभोळेपणा वाढत असेल, तर खेळ शोधण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

एवढे समजून घेतल्यावर मात्र प्रयत्न करून पाहायला हरकत नाही. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसा, पाय जमिनीवर टेकलेले आणि कोपरांना आधार असू द्या. खोलीत उजेड ठेवा, आवाज कमी करा, पडदा शक्य तितका मोठा घ्या. रक्तपात नसलेला, नुसत्या रंगीत आकृत्यांचा खेळ निवडा आणि सर्वांत सोप्या पायरीपासून आरंभ करा. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले, डोळे चुरचुरले किंवा गरगरले तर लगेच थांबा. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी पडद्यावरील लखलखाटापासून दूर राहावे. पक्षाघातानंतर हात सावरत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारावे. निजण्यापूर्वीची वेळ मात्र टाळावी. उत्तेजित मनाला झोप लवकर येत नाही.

एक युक्ती सुचवतो. हाच खेळ मोबाइलवरही मिळतो. तेथे दांड्यांऐवजी पडद्यावर दोन वर्तुळे असतात. फोन टेबलावर आडवा ठेवा. डावे वर्तुळ आजोबांनी सांभाळावे, उजवे नातवाने. एकाने यान वाचवायचे, दुसऱ्याने नेम धरायचा. ‘इकडे घ्या, इकडे घ्या’ असे नातू ओरडू लागेल. आजवर तुम्ही त्याला खेळ बंद करायला सांगत होता. आता दहा मिनिटे संपली की दोघे मिळून फोन बाजूला ठेवाल. अशी मर्यादा मुलेही अधिक सहज मानतात.

पहिल्या दिवशी तुमचे यान काही क्षणांतच फुटेल आणि नातू खदखदून हसेल. वाईट वाटून घेऊ नका. गोफणीतून सुटलेला तुमचा पहिला दगडही पाखरांकडे गेला नव्हता. ती गोष्ट त्याला त्याच वेळी सांगा.