अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांचे व्यवसाय-प्रशिक्षण

दृष्टीचा पूर्ण अभाव किंवा गंभीर न्यूनता असलेल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या श्रमावर उपजीविका करता यावी, यासाठी देण्यात येणारे शिक्षण व त्यास पूरक सेवा. तीत स्वावलंबी संचार, लेखन-वाचनाची साधने, विशिष्ट व्यवसायाचे कौशल्य, नोकरी मिळविण्याची तयारी आणि कामावर रुजू झाल्यानंतरचे साहाय्य या सर्वांचा समावेश होतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिदोषामुळे अपंग गणलेल्या व्यक्तींची संख्या सु. ५० लाख होती.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये, चष्मा इ. सर्वोत्तम उपायांनंतरही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टितीक्ष्णता ३/६० हून कमी, म्हणजे निकोप डोळ्यास ६० मी. वरून दिसणारी खूण ३ मी. वरूनही न दिसण्याइतकी असेल किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असेल, तर ती व्यक्ती अंध मानली जाते. तीक्ष्णता ६/१८ पासून ३/६० पर्यंत किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी परंतु १० अंशांपर्यंत असल्यास ती अल्पदृष्टी होय. हा भेद प्रशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण अल्पदृष्टी विद्यार्थ्यास उरलेल्या दृष्टीचा उपयोग कसा व किती करावा, हे स्वतंत्रपणे शिकवावे लागते.

इतिहास : भारतातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे ॲनी शार्प यांनी सुरू केली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये शाळा काढली. ती पुढे दादर अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा व १९२५ मध्ये हॅपी होम अंधशाळा स्थापन झाली. त्या काळी अंधांच्या व्यवसायाची कल्पना वेतकाम, विणकाम, संगीत अशा मोजक्या क्षेत्रांपुरती मर्यादित होती. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान ब्रेल लिपी ठरल्यामुळे मराठीतील पाठ्यपुस्तकांचा मार्ग मोकळा झाला [→ ब्रेल लिपी].

१९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघ (नॅब) ही संस्था स्थापन झाली आणि प्रौढ अंधांच्या रोजगाराकडे संघटितपणे लक्ष दिले जाऊ लागले. क्रिकेटपटू विजय मर्चंट हे तिच्या कार्याशी दीर्घकाळ निगडित होते. उपनगरात जोगेश्वरी येथे संघाचे एम. एन. बनाजी अंध उद्योगगृह असून ते प्रौढ अंधांच्या प्रशिक्षणासाठी व संरक्षित रोजगारासाठी उभारण्यात आले. गुजरातमधील फणसा येथे १९६० मध्ये संघाने अंधांसाठी शेती व ग्रामीण व्यवसायांचे केंद्र काढले. शासकीय पातळीवर अपंगांसाठी देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय १९५९ मध्ये मुंबईत उघडण्यात आले. १९६८ मध्ये मुंबई व हैदराबाद येथे व्यवसाय-पुनर्वसन केंद्रे सुरू झाली.

व्यवसायांचे बदलते स्वरूप : संरक्षित उद्योगगृहात अंध कामगारास सुरक्षितता लाभते; परंतु वेतन बहुधा अल्प राहते आणि डोळस समाजाशी संबंध येत नाही. म्हणून अंधांना सर्वसाधारण कारखान्यांत व कार्यालयांत काम मिळावे, या विचारास पुढे बळ आले. घाटकोपर ते मुलुंड हा पट्टा आणि अंधेरीचा औद्योगिक परिसर येथील कारखान्यांत सुटे भाग जुळविणे, छिद्रण, वेष्टन यांसारखी पुनरावृत्तीची कामे स्पर्शज्ञानावर करता येण्याजोगी होती. दूरध्वनिचालक हा तर अंधांचा प्रतिष्ठेचा व्यवसाय ठरला. बँका, गिरण्या व शासकीय कार्यालये यांच्या फलकांवर अनेक अंध चालक काम करू लागले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वयंचलित दूरध्वनियंत्रणा सर्वत्र आली आणि या जागा झपाट्याने घटल्या. उपनगरांतील अनेक कारखानेही याच सुमारास बंद पडले किंवा स्थलांतरित झाले. त्यांच्या जागी अंधेरी, पवई, मालाड इ. ठिकाणी संगणकावर आधारित सेवा देणारी कार्यालये उभी राहिली. ज्याला एकच काम शिकविले, त्याचे काम गेले की त्याचे सर्व प्रशिक्षण निरुपयोगी होते, हा धडा या घटनेतून मिळाला. त्यामुळे एका धंद्याऐवजी अनेक धंद्यांत उपयोगी पडणाऱ्या पायाभूत क्षमतांवर आता भर देण्यात येतो.

प्रशिक्षणाची अंगे : (१) दिशाज्ञान व संचार : कामाच्या जागी वेळेवर व एकट्याने पोहोचता येणे, ही नोकरीची पहिली अट होय. लांब पांढऱ्या काठीने एका पावलापुढील जमिनीचा वेध घेण्याचे तंत्र दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी विकसित केले. मुंबईच्या उपनगरांत त्यास लोकलच्या प्रवासाची जोड द्यावी लागते. बोरिवलीहून अंधेरीस जाणाऱ्यास धिमी व जलद गाडी ओळखणे, फलाट कोणत्या बाजूस येईल हे लक्षात ठेवणे, पूल व जिने यांचा क्रम मनात बसविणे आणि गर्दीत काठी सांभाळणे शिकावे लागते. अनेक स्थानकांत दिव्यांगांच्या राखीव डब्याची जागा सूचक ध्वनीने कळते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या स्थानकांत पावलांना जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या लाद्या आहेत. स्थानकाबाहेरील पदपथांवर मात्र उघडी गटारे, फेरीवाले व उभी वाहने यांचा अडथळा कायम असतो.

(२) लेखन-वाचन व संगणक : ब्रेल लिपीमुळे शुद्धलेखन, टिपणे व आकडेमोड यांवर प्रभुत्व येते, ध्वनिमुद्रित पुस्तके तिची जागा पूर्णतः घेऊ शकत नाहीत. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या ‘जॉज’ आणि २००६ पासून विकसित होत असलेल्या ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य प्रणालीमुळे टंकलेखन, पत्रव्यवहार, हिशेबाची तक्ते, ग्राहकसेवा व संगणकीय आज्ञावली-लेखन ही कामे अंधांच्या आवाक्यात आली. तथापि ही प्रणाली युनिकोड मराठी वाचते. जुन्या टंकांत तयार केलेला मजकूर तिला निरर्थक अक्षरे वाटतो आणि कागदाची केवळ छायाप्रत असल्यास ती मूकच राहते. अशा कार्यालयात कुशल कर्मचारीही अकारण परावलंबी होतो.

(३) अवशिष्ट दृष्टीचा वापर : भिंगे, अक्षरे मोठी करणारी उपकरणे, योग्य प्रकाश व ठळक रंगभेद यांमुळे अल्पदृष्टी विद्यार्थी छापील मजकूर वाचू शकतो. वाचनाचा वेग फार कमी असल्यास किंवा दृष्टी उत्तरोत्तर घटणारी असल्यास त्यास ब्रेल व श्राव्य साधनेही वेळीच शिकविणे आवश्यक असते. दृष्टिपटलाच्या काही आनुवंशिक विकारांत दिवसा बरे दिसते, पण संध्याकाळनंतर चालणे कठीण होते. अशा वेळी कामाची पाळी निवडणे हाही प्रशिक्षणाचाच भाग ठरतो. अल्पदृष्टी व्यक्ती पुष्कळदा आपला दोष लपविते आणि मग तिच्या चुका आळसाच्या म्हणून गणल्या जातात.

(४) कार्यविश्लेषण : एखादे पद अंधास झेपेल किंवा नाही, असा सरसकट प्रश्न न विचारता त्या पदातील कामे सुटी करून पाहतात. ज्यांस दृष्टी अपरिहार्य आहे, ती बहुधा थोडी असतात. ती साधनांच्या आधारे किंवा सहकाऱ्यांशी कामाची अदलाबदल करून निभावता येतात.

कायदेशीर तरतुदी : केंद्र शासनाने १९७७ मध्ये ‘क’ व ‘ड’ गटांतील पदांत अपंगांसाठी तीन टक्के आरक्षण ठेवले, त्यांपैकी एक टक्का अंधांसाठी होता. १९९५ च्या अधिनियमाने त्यास कायद्याचा आधार दिला. हे आरक्षण संवर्गातील एकूण रिक्त पदांच्या संख्येवर मोजावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. २०१६ च्या अधिनियमाने एकूण प्रमाण चार टक्के केले. अंध व अल्पदृष्टींचा वाटा एक टक्का आहे. स्पर्धापरीक्षांत लेखनिक व दर तासाला किमान २० मिनिटांचा अधिक वेळ देण्याची तरतूद आहे.

तरतूद आणि व्यवहार यांत अंतर राहते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी दादर अंधशाळेत व नंतर झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण घेतले. २०१५ ची नागरी सेवा परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. परंतु पूर्ण अंधत्वाच्या कारणावरून रेल्वे लेखा सेवेत त्यांची नियुक्ती नाकारण्यात आली. पुढील वर्षीच्या परीक्षेत त्यांना १२४ वा क्रमांक मिळाला व त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. पहिल्या वेळी त्यांच्या तयारीत उणीव नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

मूल्यमापन : किती विद्यार्थी शिकून बाहेर पडले यापेक्षा किती जण कामावर टिकले व बढतीस पात्र ठरले, हा प्रशिक्षणाचा खरा निकष होय. कुटुंबातील अतिकाळजीमुळे काही मुलांना घराबाहेर एकट्याने पाऊल टाकण्याची संधी सोळा-सतरा वर्षांपर्यंत मिळत नाही. तेथे कोणताही अल्पमुदतीचा अभ्यासक्रम अपुरा पडतो. म्हणून संचार, घरकाम, पैशाचा व्यवहार आणि स्वतःच्या गरजा स्पष्टपणे सांगण्याची सवय यांचे शिक्षण प्राथमिक शाळेपासूनच सुरू व्हावे लागते. याबरोबरच नियोक्त्यांची तयारी करणे हेही प्रशिक्षण संस्थांचे कार्य ठरते. कारण विद्यार्थी कितीही सिद्ध असला, तरी कामाची जागा त्याच्यासाठी सुगम नसेल तर त्याची पात्रता निष्फळ ठरते.