जबड्याची मोजणी

कुंडलिकेच्या वेगवान प्रवाहामुळे आणि कोकण रेल्वेच्या रो-रो गाड्यांमुळे कोलाडचे नाव दूरवर पोचले असले, तरी तेथील एखाद्या गृहस्थाच्या खालच्या दाढा गेल्या, कवळीचा त्याला वीट आला आणि हाडात कायमचा दात बसवून घ्यावा असे मनाने घेतले, म्हणजे तो बहुधा रोह्याचा, नाहीतर पनवेलचा रस्ता धरतो. जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात कामोठ्यास, एमजीएमचे दंत महाविद्यालय आहे.

या उपचाराचे मूळ स्वीडनमध्ये आहे. सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी इतके एकजीव झाले की ते निघता निघेना, असे १९५२ साली ब्रोनमार्क नामक शास्त्रज्ञाच्या ध्यानी आले आणि १९६५ साली त्याच धातूचा कृत्रिम मूलदंड, म्हणजेच इम्प्लांट, प्रथमच मानवी जबड्यात रोवला गेला. धातू हाडास मानवतो, हे सिद्ध झाले. तो नेमका कोठे रोवावा, हा प्रश्न मात्र पुढे दीर्घकाळ शस्त्रवैद्याच्या अनुभवावरच सोपविलेला राहिला. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. आणि खालच्या जबड्यात तर ओठ व हनुवटी यांना संवेदना पुरविणारी शीर हाडाच्या आतील बोगद्यातून जाते, तिला धक्का लागल्यास ओठ महिनोन्‌महिने, क्वचित कायमचा, बधिर राहतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दंतवैद्यकासाठी त्रिमितीय स्कॅन आला आणि संगणकप्रणालीने त्यातून नियोजनाचे शास्त्र उभे केले. जमिनीची मोजणी होऊन हद्दी कायम झाल्याखेरीज शहाणा माणूस पाया खणत नाही, तद्वत येथे हाडाचा स्कॅन आणि दात-हिरड्यांच्या पृष्ठभागाचे चित्र एकमेकांवर तंतोतंत बसवून सारा नकाशा आधीच सिद्ध केला जातो. माझ्या मते यातील खरी क्रांती चित्रांच्या देखणेपणात नसून विचाराचा क्रम उलटण्यात आहे: पूर्वी जेथे हाड मिळेल तेथे इम्प्लांट बसवून मग त्यावर दात कसाबसा जुळविण्याची तजवीज होई, आता चावण्यास योग्य असा दात प्रथम पडद्यावर रचतात आणि त्यास आधार देईल अशी इम्प्लांटची जागा मागाहून ठरवितात. शिरेपासून किमान २ मिलिमीटर, शेजारच्या दातापासून दीड, दोन इम्प्लांटांमध्ये ३, असे अंतर राखून कोन व खोली निश्चित झाली की त्याबरहुकूम छिद्रे असलेला साचा त्रिमितीय छपाईने तयार होतो आणि ड्रिल त्यातूनच उतरते. कोलाडकरास आणखी एक सोय अशी, की हा संगणकावरील नकाशा मुंबईच्या तज्ज्ञाकडे मसलतीस धाडता येतो. त्यासाठी रोग्याने दर वेळी प्रवास करण्याचे कारण उरत नाही.

तथापि साच्यानिशी काम करूनही प्रत्यक्षात सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडू शकतो. जुन्या धातूच्या कॅपमुळे स्कॅन गढूळ होतो. आणि शिरेचा मार्ग प्रणालीने आपोआप रेखाटला, तरी तो डॉक्टरने स्वतःच्या डोळ्यांनी पडताळावाच लागतो. मिसरी-तंबाखूने पोखरलेल्या हिरड्या आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांवर तर संगणकाची काहीच मात्रा चालत नाही.

वाचकांस एवढीच विनंती, की उपचारास संमती देण्यापूर्वी डॉक्टरांना हा आराखडा पडद्यावर दाखविण्यास सांगावे, शीर किती अंतरावर आहे ते विचारावे आणि स्कॅनची एक प्रत आपल्या दप्तरी ठेवावी.