बबली आणि तिचं अनाथालय

ऊसतोड सुरू झाली की आपल्या शहादा-तळोद्याकडे कधीकधी एखाद्या फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. मांजराएवढा जीव! बघायला ही गर्दी लोटते. कुणी म्हणतं, घरी नेऊ या. कुणी म्हणतं, मोठं झाल्यावर आपल्याच शेळ्या नेईल, मारून टाका. मग करायचं तरी काय?

असाच प्रश्न सुमारे पन्नास वर्षांपूर्वी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकसा इथे एका डॉक्टर जोडप्याला पडला होता. ते म्हणजे डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी, म्हणजेच मंदाताई. माडिया गोंड आदिवासींसाठी बाबा आमट्यांनी १९७३ साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि हे दोघं घनदाट जंगलात राहायला गेले. तेव्हा तिथे वीजसुद्धा नव्हती.

एकदा त्यांना शिकारीहून परतणारी माणसं भेटली. त्यांच्याजवळ मेलेली माकडीण होती, आणि तिच्या छातीला बिलगलेलं पिल्लू अजून दूध शोधत होतं! डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतलं. तिचं नाव ठेवलं बबली. इथूनच प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात झाली.

आता गंमत बघा. डॉक्टर त्या माणसांवर रागावले नाहीत. ती काही हौसेखातर शिकार करत नव्हती, पोटासाठी करत होती. भुकेल्या माणसाला उपदेश करून काय उपयोग? म्हणून त्यांनी सांगितलं, अनाथ पिल्लं मारू नका, आम्हाला आणून द्या. बदल्यात धान्य देऊ. जोडीला दवाखाना होताच. १९७६ साली शाळाही सुरू झाली. हळूहळू शिकार करणारे हातच पिल्लं आणून देऊ लागले. अस्वल, बिबट्या, हरीण, तरस, मगर... कुटुंब वाढतच गेलं. प्राण्यांवरची माया माणसांवरच्या मायेतूनच वाढली. २००८ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग आपणही उसातलं पिल्लू घरी आणायचं का? मुळीच नाही! एक तर वन्यप्राणी घरी पाळायला कायद्याने बंदी आहे. हेमलकशाच्या अनाथालयाला सरकारी मान्यता आहे. दुसरं म्हणजे, बबलीची आई मेलेली होती. उसातल्या पिल्लाची आई मात्र बहुतेक वेळा जवळपासच असते. आपल्या गर्दीमुळे ती पुढे येत नाही, एवढंच.

तेव्हा पिल्लाला हात लावू नका. मोठ्या माणसांना सांगा, सगळे दूर व्हा आणि वनखात्याला कळवा. त्यांचा फोन नंबर आहे १९२६. वनखात्याची माणसं पिल्लं त्याच जागी ठेवून लांब थांबतात. बहुतेकदा रात्री आई येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते.

बबलीला माणसांनी आई दिली. उसातल्या पिल्लाला त्याची स्वतःची आई परत मिळू द्या. तेवढं तर तुम्हालाही जमेल, हो ना?