जिताडा गरवायचा, पण किती खर्चात?

पावसाळा ओसरून खाड्यांचे गढूळ पाणी निवळू लागले, की मुंबई-पुण्यातील हौशी मासेमारांची पावले कोकणाकडे वळू लागतात. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ अशा खाड्यांच्या काठांवर सुट्टीच्या दिवशी पहाटेपासूनच रॉड घेतलेली मंडळी दिसतात. पदरी शेंगाळा पडो वा काळुंदर, मनात मात्र प्रत्येकाच्या एकच मासा असतो, तो म्हणजे जिताडा. रायगडकरांच्या लेखी हा मानाचा मासा. गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी.

या मंडळींपैकी अनेकांची पहिली फसगत खाडीवर होत नाही. ती दुकानाच्या काउंटरवरच झालेली असते. रॉडची किंमत काहीशे रुपयांपासून पन्नास हजारांच्या पुढेही जाते. रिळावर बेअरिंगचे आकडे झळकत असतात, दोरीच्या वेष्टनावर पौंड आणि मिलिमीटर यांची सरमिसळ असते. अशा वेळी नवखा ग्राहक दोहोंपैकी एक चूक करतो. एकतर तो सर्वांत स्वस्त तयार संच उचलतो आणि पहिल्याच मोठ्या माशाला तो बळी पडतो, किंवा देखण्या रॉडवर सारे पैसे उधळून रीळ आणि दोरी उरलेल्या पैशांत उरकतो. प्रत्यक्षात पाच-सहा हजार रुपयांत जिताड्याला पुरे पडेल अशी सामग्री जमवता येते. त्यासाठी खरेदीचा क्रम मात्र उलटा हवा: आधी मासा, मग दोरी, मग रीळ आणि शेवटी रॉड.

आधी मासा समजून घ्या

इंग्रजीत जिताड्याला ‘एशियन सी बास’ असे नाव असल्यामुळे अमेरिकेतील ‘बास फिशिंग’चे व्हिडिओ पाहून खरेदी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तेथील लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातील मासा असून जिताड्याशी त्याचे जवळचे नाते नाही. दोघांच्या सवयींत मात्र साम्य आहे. दोघेही आडोशाला दबा धरून बसतात आणि समोरून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतात. म्हणूनच बाससाठी बनवलेले मध्यम-भारी ताकदीचे रॉड जिताड्यासाठीही उपयोगी पडतात.

फरक आहे तो पाण्याचा आणि ताकदीचा. तिवरांची मुळे, पुलाचे खांब, खारबंदिस्तीच्या उघाड्या, कालवे चिकटलेले खडक या जिताड्याच्या आवडत्या जागा. गळ लागताच तो सरळ त्या आडोशात घुसू पाहतो, पाण्याबाहेर उसळतो आणि डोके झटकतो. त्याचे ओठ कानशीसारखे खरखरीत, तर कल्ल्यांच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी धारदार असते. शिवाय खारे पाणी धातूला खाते. सामग्रीने या सर्वांना तोंड द्यायला हवे.

दोरी: सर्वांत स्वस्त, सर्वांत निर्णायक

कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात आणि नायलॉनच्या दोरीला तंगूस. लाकडाच्या तुकड्याला किंवा बाटलीला गुंडाळलेल्या तंगुसावर नुसत्या हातांनी जिताडे ओढणारे जुने लोक आजही गावोगावी भेटतात. रॉड आणि रीळ नसतानाही गरवता येते. दोरी आणि गळ यांच्याविना मात्र काहीच होत नाही. तरीही खरेदीत सर्वाधिक हेळसांड होते ती याच दोन वस्तूंची.

बाजारात दोरीचे तीन मुख्य प्रकार मिळतात. पहिला एकधागी नायलॉनचा. ही दोरी स्वस्त असते आणि ताणली जाते. माशाने झटका दिला, तर तो ताण काही प्रमाणात दोरीच शोषून घेते. त्यामुळे नवशिक्यांच्या चुका तिच्यात खपून जातात. दुसरा प्रकार विणलेल्या दोरीचा, म्हणजे ब्रेडचा. तितक्याच ताकदीच्या नायलॉनच्या मानाने ती जवळपास निम्म्या जाडीची असते. त्यामुळे ती लांब फेकली जाते आणि जराही ताणली जात नसल्याने माशाचा हलका स्पर्शही हाताला कळतो. मात्र कालवांच्या धारेवर घासली, की ती क्षणात तुटते आणि तिचा गुंता सोडवणे महाकठीण असते. तिसरा प्रकार फ्लोरोकार्बनचा. ही दोरी घासण्याला चांगली टिकते आणि पाण्यात कमी दिसते. पण महाग असल्याने संपूर्ण रीळ तिने भरण्याचे कारण नाही.

कमी खर्चात सुरुवात करणाऱ्याने वीस पौंड, म्हणजे सुमारे नऊ किलो ताणाची चांगल्या प्रतीची नायलॉन दोरी घ्यावी. हात बसल्यावर वीस ते तीस पौंडांच्या ब्रेडकडे वळावे. दोरी कोणतीही असली, तरी तिच्या टोकाला चाळीस ते पन्नास पौंडांच्या जाड नायलॉनचा किंवा फ्लोरोकार्बनचा दोन-तीन फुटी तुकडा जोडणे अत्यावश्यक आहे. त्याला लीडर म्हणतात. जिताड्याचे कल्ले आणि खडक यांचा मारा हा तुकडाच सोसतो. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि दोरी तेथेच कमकुवत होते.

नऊ किलोच्या दोरीवर बारा किलोचा मासा कसा येईल, असा प्रश्न अनेकांना पडतो. पाण्यात माशाचा भार फारसा जाणवत नाही. दोरीवर येतो तो त्याच्या ओढीचा ताण, आणि तो सांभाळण्याचे काम रिळाचे असते.

रीळ: आकड्यांच्या मोहात पडू नका

नवशिक्यासाठी स्पिनिंग रीळ सर्वांत सोयीचे. त्याची फिरकी स्थिर असते आणि दोरी तिच्यावरून वेटोळ्यांनी सुटते. अमेरिकी बास मासेमारांचे आवडते बेटकास्टिंग रीळ नेमकेपणासाठी उत्तम. परंतु त्यात फेकताना फिरकी स्वतः गरगरते आणि अंगठ्याने तिला वेळीच आवरले नाही, तर दोरीचा मोठा गुंता होतो. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

खाडीसाठी ४००० आकाराचे रीळ योग्य ठरते. हा आकडा ताकदीचा नसून आकाराचा असतो. त्यावर वीस पौंडी नायलॉनची सुमारे शंभर मीटर दोरी मावते आणि खाडीकाठी ती पुरते. ५.२:१ असा आकडा दिसला, तर मुठीच्या एका फेऱ्यात दोरी गुंडाळणारा भाग ५.२ वेळा फिरतो, असा त्याचा अर्थ. पाच ते सहाच्या दरम्यानचे गुणोत्तर सर्वसाधारण कामाला चालते.

बेअरिंगची संख्या हे गुणवत्तेचे माप नव्हे. दहा हलक्या बेअरिंगपेक्षा तीन-चार चांगली बेअरिंग अधिक टिकतात. दुकानात तपासायची ती ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणानंतर दोरी आपोआप सोडणारी यंत्रणा. ड्रॅग थोडी आवळून हाताने दोरी ओढावी. ती सलग, एकाच गतीने सुटायला हवी. अडखळत, धक्के देत सुटत असेल, तर ते रीळ कितीही चकचकीत असले, तरी घेऊ नये. मासा पहिली झेप घेईल, तेव्हा नेमक्या त्या धक्क्याला दोरी तुटेल.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवावी, असा संकेत आहे. वीस पौंडी दोरीसाठी ते सव्वादोन ते तीन किलो होतात. प्रवासी बॅग तोलण्याचा साधा काटा दोरीला अडकवून ओढला, की हे माप घरीच लावता येते.

रॉड: नावापेक्षा मजकूर वाचा

खाडीकाठी सात ते आठ फुटांचा, मध्यम-भारी ताकदीचा रॉड पुरतो. उघड्या समुद्रकिनाऱ्यावर लाटांपलीकडे फेकायचे असेल, तर नऊ-दहा फुटांचा लागतो. मुठीच्या वरच्या भागात किती पौंडांची दोरी आणि किती ग्रॅमचे आमिष चालेल, हे छापलेले असते. वीस पौंडी दोरी आणि दहा ते तीस ग्रॅमचे आमिष त्या मर्यादेत बसते का, एवढे पाहावे.

फायबरग्लासचा रॉड जड, पण सोशिक आणि स्वस्त असतो. कार्बनचा हलका आणि संवेदनशील, मात्र खडकावर आपटला तर तडकणारा. दोहोंच्या मिश्रणाचा रॉड कमी खर्चात मधला मार्ग ठरतो. दुर्बिणीसारखा मिटणारा रॉड बॅगेत मावतो खरा. पण त्याच्या अनेक सांध्यांत वाळू आणि मीठ शिरते. त्यापेक्षा दोन तुकड्यांचा रॉड बरा; तो एसटीतूनही सहज नेता येतो.

दोरी ज्या कड्यांतून जाते, त्या प्रत्येक कड्यातून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. तंतू अडकले, तर तेथे चीर आहे असे समजावे. तीच चीर पुढे दोरी कापते. आणखी एक इशारा महत्त्वाचा आहे. कार्बनमधून वीज वाहते. त्यामुळे परतीच्या पावसात ढगांचा गडगडाट सुरू होताच रॉड खाली ठेवून आसरा गाठावा. विजेच्या तारांखाली तर तो कधीच उभारू नये.

सहा हजारांचे गणित

सहा हजार रुपये हाताशी असतील, तर त्यांची वाटणी साधारण अशी करता येईल: रिळासाठी अडीच हजार, रॉडसाठी अठराशे, दोरी आणि लीडर मिळून नऊशे, तर गळ, शिसे, एक-दोन कृत्रिम आमिषे आणि पक्कड यांसाठी आठशे. किमती शहरागणिक बदलतील, हे प्रमाण मात्र उपयोगी पडेल. पैसे कमी पडले, तर कात्री रॉडला लावावी. ड्रॅगला आणि दोरीला नव्हे. डझनभर रंगीत आमिषे घेण्याचा मोहही टाळावा. ताजी कोळंबी किंवा छोटे बोय हे आमिष आजही तितकेच प्रभावी आहे. स्वस्त कृत्रिम आमिषांचे तिहेरी गळ जिताड्याच्या जबड्यात सरळ होतात. ते काढून मजबूत गळ लावण्याचा खर्च थोडा असला, तरी मासा हाती येतो तो त्याच्याच जोरावर.

सामग्रीचे आयुष्य मात्र किमतीपेक्षा निगेवर ठरते. घरी परतताच ड्रॅग आवळून रीळ आणि रॉड गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावेत. जोराचा फवारा मारल्यास मीठ आत ढकलले जाते. पुसून, वाळवून मग ड्रॅग सैल करून ठेवावी. नायलॉन दोरी ऊन आणि पाणी यांमुळे कमकुवत होते. ती दर हंगामात बदलावी. जुनी दोरी मात्र काठावर टाकू नये. तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात आणि ती वर्षानुवर्षे कुजत नाही.

मोठा जिताडा म्हणजे मादी

सामग्री जुळलेली असण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते खिशाशी नव्हे, खाडीशी निगडित आहे. बहुतेक जिताडे आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि काही वर्षांनी, आकार वाढल्यावर, त्यांचे रूपांतर मादीत होते. म्हणजेच छायाचित्रासाठी हवाहवासा वाटणारा तो अजस्र जिताडा बहुधा लाखो अंडी घालणारी मादी असते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात, काही बांधीव जलाशयांचा अपवाद सोडला, तर ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठी बारामुंडी ठेवून घेण्यास कायद्याने मनाई आहे. लहान माशाला वाढू द्यावे आणि मोठ्या मादीला वाचवावे, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडच्या हौशी मासेमारांनी तो स्वतःहून पाळला, तर खाडीचे भलेच होईल. परंतु मासा सोडायचा, तर तो जिवंत राहील अशा अवस्थेत सोडायला हवा. नाजूक दोरीवर दीर्घकाळ झुंजवलेला मासा थकून सोडल्यावरही मरू शकतो. दोरी तुटली, तर तोंडात गळ घेऊन तो निघून जातो. पुरेशा ताकदीच्या सामग्रीवर मासा लवकर काठाशी येतो. नैसर्गिक आमिषासाठी आत वळलेल्या टोकाचा गोल गळ वापरला, तर तो सहसा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो आणि पकडीने सहज निघतो. हात ओले करून, दोन्ही हातांनी आधार देऊन मासा पाण्यात धरावा आणि त्याने शेपटी मारली, की सोडावा.

अखेरची सूचना जागेविषयी. खाजणातील तळी बहुतेकदा खासगी असतात आणि धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क सहसा मच्छिमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात. तेथे परवानगी घेऊनच गळ टाकावा. खाडीवर जाताना भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघावे आणि गावातील कोळी बांधवांना पाण्याचा अंदाज विचारावा. कोणत्या उघाडीवर, कोणत्या सुकतीला जिताडा येतो, हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते. दुकानात विकत न मिळणारी ही सामग्री फक्त विचारणाऱ्यालाच मिळते.