अँबेसेडर पुन्हा रस्त्यावर (लेखांक 6) : भटकणारे स्टिअरिंग, थकलेल्या कमानी

सिन्नरहून नाशिककडे निघाले की माळेगावची औद्योगिक वसाहत मागे पडते आणि मोहदरी घाटाचा उतार लागतो. जुनी अँबेसेडर कोणत्या अवस्थेत आहे, हे मला या उतारावर कळते. स्टिअरिंग फिरवल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग नाक एकदम वळते. खाचेवरून जाताना पुढून खट्ट आवाज येतो. मागचा भाग एकदा उसळला की तीन-चार हेलकावे खाऊन थांबतो. शेजारी बसलेला मालक म्हणतो, "अहो, अँबेसेडर अशीच असते." या वाक्याशी माझे जुने भांडण आहे.

अँबेसेडर अशी नव्हती. ती बेतली आहे 1956 च्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज 3 वर. तिच्या पुढच्या भागातली मांडणी अ‍ॅलेक इसिगोनिसने 1948 च्या मॉरिस मायनरसाठी योजलेल्या घराण्यातली आहे. हाच माणूस पुढे 1959 च्या मिनीमुळे जगभर गाजला. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हालचाल, त्यासाठी टॉर्शन बार, आणि वळवण्यासाठी रॅक-पिनियन. आपल्या रस्त्यांवर तिच्यासोबत धावणाऱ्या फियाट 1100 ला आणि जीपला वर्म असलेला स्टिअरिंग बॉक्स होता. रॅक-पिनियनमध्ये मधले सांधे कमी, त्यामुळे हाताची हालचाल चाकापर्यंत थेट पोहोचते. म्हणजे नेमके वळणे हा या गाडीचा जन्मजात गुण. तो हरवला असेल तर झिजलेल्या भागांमुळे हरवला आहे.

टॉर्शन बार ही कल्पना मला आजही सुंदर वाटते. कपडा पिळताना तो जसा उलटा फिरायला बघतो, तसाच पोलादी दांडाही पिळला की मूळ जागी यायला बघतो. गाडीच्या लांबीला समांतर असे दोन दांडे, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुढचे टोक चाकाच्या खालच्या आर्ममध्ये, मागचे टोक चॅसिसच्या आडव्या भागात घट्ट बसवलेले. चाक वर गेले की दांडा पिळला जातो. तीच त्याची स्प्रिंग. दांडा काढलात तर कोणता डावा, कोणता उजवा, अशी रंगाची खूण आधी करा. वर्षानुवर्षे एकाच दिशेने पिळलेला दांडा उलट बाजूला बसवला तर तो तडकू शकतो. जाड दांडा घालण्याचा मोहही होतो, म्हणून हिशेब सांगतो: दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास दहा टक्के वाढवला की कडकपणा जवळजवळ 46 टक्के वाढतो. "थोडासा जाड" असे इथे काही नसते.

माझ्या चुलत्यांची 1984 ची डिझेल अँबेसेडर माझ्याकडे आली तेव्हा ती मागून बसलेली होती. एका गॅरेजवाल्याने मागच्या दोन्ही कमानींत एकेक जादा पाटा टाकून दिला. गाडी उंच झाली, बघणारे खूश झाले. पण रिकाम्या गाडीत मागची चाके खड्ड्यातून उडू लागली आणि वाकलेले नाक आणखी खाली गेल्यासारखे दिसू लागले. नाक मुळात टॉर्शन बार सैल पडल्याने वाकले होते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असते, त्यामुळे ही अडचण डिझेल गाड्यांत, आणि मागाहून डिझेल बसवलेल्या गाड्यांत तर फारच दिसते. दुखणे पुढेही होते, औषध फक्त मागे दिले गेले. शेवटी ते जादा पाटे काढले, जुन्या कमानी खोलल्या, पाटे भट्टीत घालून पुन्हा वाक दिला, मधला गंज घासून काढला आणि ग्रॅफाइट ग्रीस लावून बांधल्या. एकही नवा पाटा लागला नाही. कमानीचे पाटे एकमेकांवर सरकायला हवेत; गंजून चिकटले की सात पाट्यांचा एकच जाड ठोकळा होतो.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक सकाळ तपासणीला द्या. पुढचा भाग जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चाक घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवा. हलले तर घरातल्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. तरीही हलत राहिले तर ट्रनियन, म्हणजे चाक ज्या खुंटीभोवती वळते तिच्या टोकांचे सांधे, झिजले आहेत. मग 9 आणि 3 च्या जागी धरून हलवा. इथली ढिलाई टाय रॉडच्या टोकांची किंवा रॅकची असते.

ट्रनियनबाबत मी कडक बोलणार आहे. याच घराण्यातल्या मॉरिस मायनरमध्ये ट्रनियनचे आटे झिजून पुढचे चाक गाडीखाली दुमडल्याची उदाहरणे जगभर आहेत. कारण जवळजवळ नेहमी एकच असते: ग्रीसगन लावलीच जात नाही. निप्पल मातीने बुजते, वरून रंग मारला जातो, आणि ते आहे हेच कुणाला आठवत नाही. ग्रीस भरताना चाक जमिनीवरून उचललेले हवे. वजन असताना भार पडणारी बाजू दाबलेलीच राहते आणि तिथे ग्रीस पोहोचत नाही. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत गन मारत राहा.

पुढचा विषय रबरी बुश. बुश बदलूनही सहा महिन्यांत फाटले अशी तक्रार मी नेहमी ऐकतो, आणि दोष रबराला दिला जातो. खरे कारण बोल्ट आवळण्याच्या वेळेत असते. गाडी वर उचललेली असताना, चाके लोंबत असताना बोल्ट घट्ट केले की बुश त्याच लोंबत्या स्थितीत जखडतो. गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहतो. बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मगच आवळा. कमानींच्या डोळ्यातल्या बुशनाही हेच लागू. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात आणि गाडी ताठ वळते, पण प्रत्येक खडीचा कण आसनापर्यंत येतो. रोज वापराच्या गाडीत मी चांगले रबरच घालीन.

टायरकडे लोक सर्वांत शेवटी बघतात. ही गाडी आखली गेली तेव्हा 5.90-15 चे क्रॉसप्लाय टायर होते. आज आपण रेडियल घालतो, आणि ती सुधारणा खरीच मोठी आहे. पकड वाढते, सरळ रस्त्यावर गाडी शांत होते. पण रेडियलला टो-इन कमी लागतो. जुन्या पुस्तकातला आकडा तसाच ठेवला तर टायर घासला जातो. समजा दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मागच्या कडांपेक्षा 10 मिलिमीटरने कमी आहे. सुमारे 400 मिलिमीटर व्यासाच्या रिमवर मोजले तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला साडेबारा मीटर आडवे ओढले जाते. सिन्नर ते नाशिक 30 किलोमीटर धरा. तेवढ्यात हिशेबाने 375 मीटर. टायरच्या कडेला करवतीसारखे दाते का येतात, ते यावरून कळेल. अलाइनमेंट बुश आणि ट्रनियन झाल्यानंतरच करा. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते.

आता रॅक. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी भाते असतात. एक भाता फाटला की आपल्या मुसळगाव-वावी रस्त्यावरची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल आत जातो, वंगण बाहेर येते. रॅक सगळ्यात जास्त मध्यावर झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. मग मिस्त्री मधली ढिलाई काढायला शिम कमी करतो. मधे गाडी नेमकी वाटते, पण पूर्ण वळवताना रॅकचा न झिजलेला भाग येतो आणि स्टिअरिंग अडकते. असा रॅक आवळू नका, बदला. ऐन वळणात अडकलेले स्टिअरिंग ढिल्यापेक्षा धोक्याचे आहे.

शॉकअपबद्दल थोडक्यात. जुन्या गाड्यांत आर्म असलेले, तेलाच्या डब्यासारखे शॉकअप होते. तेल गळाले की उरते नुसते लोखंड. नंतरच्या गाड्यांत दांडीचे टेलिस्कोपिक शॉकअप आले. जुन्या गाडीत ते घालायचे असतील तर नंतरच्या अँबेसेडरचेच ब्रॅकेट शोधा. चॅसिसला कुठेही वेल्डिंग करून टोक अडकवणे मला मान्य नाही, कारण शॉकअपचा जोर जिथे पडतो तिथला पत्रा त्या भारासाठी बनवलेला नसतो.

इतके झाल्यावर गाडी वळणात फार कलते असे वाटलेच, तर पुढे अँटिरोल बारचा विचार करावा. तो दोन्ही चाकांना आडवा जोडतो. दोन्ही चाके एकत्र उचलली तर काही करत नाही, एकच उचलले तर पिळला जातो. त्यामुळे आराम फारसा न घटता कलणे कमी होते.

पॉवर स्टिअरिंगचे विचारणारेही बरेच आहेत. नव्या छोट्या गाड्यांतला विजेचा कॉलम कापून अँबेसेडरमध्ये जोडून देणारे कारागीर आहेत. कापून जोडलेल्या कॉलमवर मी माझ्या मुलाला बसवणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम ठामपणे वाचले आहे. शिवाय केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते. गाडी उभी असताना स्टिअरिंग जड लागते ते लागू द्या. चालत्या गाडीत जड लागत असेल तर टायरमधली हवा आणि ट्रनियनमधले ग्रीस तपासा.

आमची गाडी आता गोंदे इथून समृद्धी महामार्गावर चढते आणि 80 च्या वेगाला एका हाताच्या बोटांत सरळ राहते. तिच्यात कारखान्याच्या नकाशाबाहेरचा एकही भाग नाही.

पुढच्या लेखांकात ब्रेक. तोपर्यंत वाचकांना एकच विनंती: या रविवारी पुढची चाके उचला, हलवून बघा, आणि जे हलते ते कागदावर लिहून काढा. तो कागद हातात असल्याशिवाय मिस्त्रीकडे जाऊ नका.